हातांपुरती आजी

"काकू, तुम्ही फक्त हात टेबलावर ठेवा. चेहरा फ्रेममध्ये येत नाहीये, सो डोंट वरी."

डोंट वरी. जणू माझा चेहरा चुकून दिसेल म्हणून मीच घाबरले होते.

माउंट वेलिंग्टन उपनगरातल्या त्या मोठ्या शॉपिंग सेंटरमागे एक गोदाम आहे. आत प्लायवूडचं मराठी स्वयंपाकघर उभं केलं होतं. ओटा होता, नळाला पाणी नव्हतं. एका देव्हाऱ्यात चार गणपती कोंबले होते. खिडकीबाहेर पुण्याचं आकाश म्हणून निळं कापड ताणलं होतं. इथे जुलै म्हणजे ऐन हिवाळा, थंडी हाडात शिरत होती आणि एकुलता एक हीटर मॉनिटरच्या खुर्चीपाशी होता, कारण तिथे दिग्दर्शक बसला होता. मी टेबलावर हात ठेवले. समोर लसणाच्या पाकळ्या होत्या.

सोला. सोलत राहा. थांबा. पुन्हा सोला.

माझ्या तोंडासमोर एक काळं कापड टांगलं होतं, खांद्यापर्यंत. त्या कापडाच्या मागे मी होते. खाली आजी होती.

हे काम मला कसं मिळालं ते सांगते. नीट सांगते, कारण नंतर ज्याने त्याने ते आपापल्या सोयीनं सांगितलं.

मी कल्याणला नगरपालिकेच्या शाळेत शिकवलं. संध्याकाळी नाटक. कामगारांची, हौशी लोकांची, स्पर्धेची नाटकं. दिवसभर वर्गात ओरडून घसा बसलेला असायचा, तरी तालमीला जायची. सहा वर्षांपूर्वी नवरा गेला आणि लेकीनं, पल्लवीनं, मला इकडे परदेशात आणलं. ती फार्मासिस्ट आहे. आम्ही मनुरेवा उपनगरात राहतो. जावई ट्रकच्या कंपनीत इंजिनियर. नात मीरा, तिला माझं मराठी सगळं कळतं आणि उत्तर इंग्रजीतून येतं.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर निरोप आला. इथल्या टीव्हीसाठी मालिका होतेय, आपल्या लोकांची गोष्ट आहे, साठीच्या पुढची मराठी बाई हवी, अभिनयाची आवड असावी. पल्लवीनेच मला दाखवला. मी तो निरोप किती वेळा वाचला असेन, सांगायची लाज वाटते. मला वाटलं, अखेर कोणीतरी साठीच्या पुढची बाई मागतंय.

दिग्दर्शक आदित्य. पुण्याचा, चाळिशीच्या अलीकडचा. आयटीतली नोकरी सोडून सिनेमात आलेला. त्याची बायको स्नेहा आणि माझी पल्लवी एकाच दुकानात काम करतात. तेव्हा तो मला काकू म्हणायचा आणि मी त्याला अरे-तुरे करायची. घरचाच मुलगा.

ऑडिशनला त्यानं प्रसंग दिला. मुलगा परदेशात. आजी पुण्यात एकटी. सणाचा दिवस, ती फोनची वाट बघतेय. फोन उशिरा येतो.

मी वाट बघितली. मग फोन वाजला आणि मी तो घेतला नाही. वाजू दिला. लसूण सोलत राहिले. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा घेतला आणि म्हटलं, "आत्ता वेळ झाला होय? मग आता मला वेळ नाही." आणि ठेवून दिला.

आदित्य खुर्चीतून उठला. टाळ्या वाजवल्या त्यानं. म्हणाला, "काकू, फँटॅस्टिक! कमाल! पण आजी चिडत नाही ना."

"का चिडत नाही?"

"ती आजी आहे, काकू. ती वेट करते. तोच तर इमोशन आहे."

पंधरा दिवसांनी स्नेहाकडून पल्लवीला कळलं की आजीचं काम रीमाला मिळालं. रीमा त्रेचाळीस वर्षांची. पुण्यात मालिकांत नायिका होती, लग्न करून इथे शहराच्या नॉर्थ शोअर भागात आली. उंच, गोरी, नाक-डोळे तरतरीत. पल्लवीनं न राहवून विचारलं, आईत काय कमी होतं? तेव्हा स्नेहानं सांगितलं, अगदी प्रेमानं, "अगं, तुझी आई म्हणजे अ‍ॅक्टिंग वगैरे सुपर. पण आदित्यचं म्हणणं, आजी जरा आपल्यातली वाटायला हवी."

पल्लवीनं ते मला जसंच्या तसं सांगितलं, आणि सांगताना खाली बघत होती. आपल्यातली म्हणजे कोणातली, हे आम्ही दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. माझा रंग, माझं आडनाव, माझे "न" आणि "ण". पुण्याच्या आजीचं काम होतं ते. मी काही त्या पुण्यात बसत नव्हते. लहानपणी शाळेत एक बाई मला फळ्यावर लिहायला उठवायच्या आणि खडू टेबलावर ठेवायच्या, हातात द्यायच्या नाहीत. मी तो टेबलावरून उचलायची. इतक्या वर्षांनी, समुद्र ओलांडून, मी पुन्हा टेबलावरूनच उचलत होते.

आणि मग फोन आला. रीमाचा चेहरा मेकअपनं म्हातारा करता येतो, पण हातांचं जमत नाहीये. क्लोजअपमध्ये हात तरुण दिसतात. काकू, तुम्ही हात द्याल का?

मी हो म्हटलं. मला काम हवं होतं. सेटवरच्या दिव्यांचा उजेड अंगावर हवा होता. ज्याला ही भूक नाही त्याला ती समजावून सांगता येत नाही. आणि कुठेतरी आत एक वेडी आशा होती की मला तिथे बघून आदित्यचं मन बदलेल.

मेकअपच्या खोलीत आम्ही दोघी शेजारी बसलो. एकच लांब आरसा. रीमाच्या गालांवर कसला तरी पातळ गोंद लावत होते, कातडी ताणून धरत होते, तो वाळला की सोडत होते. सोडलं की सुरकुत्या. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, गोंद झोंबत होता. तिच्या केसांना पांढरा रंग.

माझे केस पांढरेच होते. ते कोणाला नको होते.

माझ्या हातांपाशी टीना नावाची मुलगी बसली होती. मनुरेवाचीच निघाली, आमच्यापासून दोन रस्ते पलीकडची. माओरी, इथल्या मूळ लोकांपैकी. "किया ओरा, आंटी," असा तिच्या भाषेत नमस्कार केला आणि माझा हात हातात घेतला, चांगला घट्ट. मग तिनं रंगाची बाटली उघडली. रीमाचा चेहरा गोरा, म्हणून हातही गोरे हवे होते. तिनं मला कोपरापर्यंत गोरं केलं. स्पंजनं, थापून थापून. बोटांच्या पेरांत, नखांच्या कडेला. काम करता करता तिला तिची आजी आठवली असावी, हळूच म्हणाली, "माय नॅन वुड स्लॅप मी फॉर दिस."

मी आरशात बघितलं. शेजारच्या खुर्चीत एक बाई माझ्या वयाची होत होती. आणि माझ्या खुर्चीत मी कोपरापासून नाहीशी होत होते.

रीमाचा मला राग येत नव्हता. खोटं कशाला बोलू, सकाळी येत होता. पण ती डोळे मिटून म्हणाली, "चाळिशीनंतर मला मिळालेलं हे पहिलं काम आहे, काकू. आता आजीच." आणि हसली, तर गोंद तडकला आणि ओठापाशी सुरकुती उकलली. मेकअपवाली ओरडली, हसू नका म्हणून.

मला तेहतिसाव्या वर्षी आईचं काम दिलं होतं. पल्लवी झाली आणि पुढच्याच नाटकात माझं नायिकेचं काम गेलं. नायकाची आई व्हा म्हणाले. नायक माझ्याहून चार वर्षांनी मोठा होता. केसांत पावडर घातली, पाठीत वाकायला सांगितलं, हात कापता ठेवा म्हणाले. मी विचारलं, आईचा हात का कापेल? तर सगळे हसले. माझी स्वतःची आई तेव्हा साठीची होती आणि दोन हंडे एकावर एक घेऊन जिना चढायची. तिचा हात कधी कापला नाही. मारायला उचलला तरी नेमका बसायचा.

त्या नाटकातली आई मी केली तेव्हा मी तरुण होते आणि मला वाटलं, हे आपलं सोंग आहे. खरी म्हातारी झाल्यावर खरी म्हातारी करू. अशी मी थांबले. इतकी वर्षं त्या कामासाठी थांबले होते मी.

लसणाचा शॉट झाला, त्यात नुसती बोटं दिसत होती. पुढच्या शॉटआधी आदित्य जवळ आला.

"काकू, बांगड्या काढाव्या लागतील."

माझ्या हातात काचेच्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या मी पापाटोएटोएच्या भारतीय दुकानातून आणते. नवरा गेला त्या दिवशी कल्याणला नणंदेनं माझे दोन्ही हात धरून उंबऱ्यावर आपटले होते. बांगड्या फुटल्या, काच मनगटात घुसली. बायका म्हणाल्या, असंच असतं. मी काही बोलले नाही, तेव्हा बोलायचं बळच नव्हतं. इथे आल्यावर, एका दुपारी, मी एकटी दुकानात गेले आणि दोन डझन घेतल्या. पल्लवी बघून रडली. चांगलं रडली. तेव्हापासून माझे हात रिकामे नव्हते.

"का काढायच्या?"

"स्क्रिप्टमध्ये आजी विधवा आहे ना."

"मी विधवाच आहे, आदित्य."

तो गोंधळला. खरंच गोंधळला बिचारा. मग म्हणाला, "हो काकू, आय नो. पण स्क्रीनवर ते कळायला नको का?"

समोर जिवंत विधवा बसलेली. हातात हिरव्या बांगड्या घालून, धडधाकट. आणि तिलाच सांगत होता की विधवा अशी दिसत नाही. इथल्या गोऱ्या माणसाला हे सुचलंही नसतं. त्याला बांगडी म्हणजे बांगडी. हे सुचायला आपलंच माणूस लागतं.

मी काढल्या. साबण लावून, एकेक. टीनानं बेसिनपाशी माझं मनगट धरलं होतं, काच लागू नये म्हणून. कोणी आपटलं नाही, कोणी ओरडलं नाही, सगळं कसं सभ्य. सॉरी काकू, थँक्यू काकू. पण साबणानं रंग गेला आणि मनगटावरचा बांगड्यांखालचा फिकट पट्टा दिसला. दुसऱ्यांदा झालं हे. ह्या वेळी माझ्याच हातांनी. टीनानं त्या पट्ट्यावर रंग थापला.

मग तो शॉट. फोन वाजतो. आजीचा हात फोनकडे जातो. बस, एवढंच.

फोन वाजला. माझा हात गेला.

"कट. काकू, लव्हली. एक काम करा, हात थोडा थरथरू द्या."

पुन्हा वाजला. हात गेला. सरळ गेला.

"कट. काकू, थरथर. थोडीशी."

"का?"

"आजी आहे ना ती."

"मीही आजी आहे."

"हो, पण ऑडियन्सला फील व्हायला हवं ना, की शी इज फ्रेल. बिचारी आहे."

तो हीटरपासून उठून आला. माझ्या शेजारी वाकला आणि आपला हात पुढे केला. तरुण, केसाळ, घड्याळ घातलेला हात. तो त्यानं थरथरवला. बोटं वाकडी केली, मनगट लुळं सोडलं, आणि तोंडानं बारीक कण्हल्यासारखा आवाजही काढला. मला शिकवत होता. म्हातारीचा हात कसा असतो ते म्हातारीला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. कोण ते मला दिसलं नाही, तोंडासमोर काळं कापड होतं.

ते हसू मी ओळखलं. पोरं आळीतल्या म्हातारीची नक्कल करतात तेव्हाचं हसू. आणि मला एकदम सगळं स्वच्छ दिसलं. त्यांना माझा रंग नको होता, तो त्यांनी झाकला. चेहरा नको होता, तो कापडामागे घातला. बांगड्या नको होत्या, त्या उतरवल्या. माझा राग तर ऑडिशनलाच कापून टाकला होता. एवढं सगळं गेल्यावर जो हात उरला तोही जसा आहे तसा चालत नव्हता. कारण तो बिचारा नव्हता.

मी कापड बाजूला केलं. उभी राहिले.

"नाही," मी म्हटलं.

"काय नाही, काकू?"

"माझा हात थरथरत नाही. मी थरथरवणार नाही."

तो हसला, समजावणीचं. "काकू, इट्स जस्ट अ‍ॅक्टिंग."

"अ‍ॅक्टिंग मी तुला करून दाखवली होती. ती तुला नको होती."

मराठी न कळणारेही माझ्याकडे बघायला लागले. आदित्यचे कान लाल झाले. "ओके गाइज, टेक फाइव्ह," म्हणाला आणि माझ्याकडे पाठ करून मोबाइल बघायला लागला. मी मेकअपच्या खोलीत गेले. टीनानं न सांगता ओली फडकी आणली आणि माझे हात पुसून दिले. माझा रंग हळूहळू वर आला. रीमा दारात उभी होती, म्हातारी होऊन. ती काहीतरी बोलणार होती, पण तिला पुढच्या शॉटला बोलावलं आणि ती गेली.

बांगड्या घातल्या. पुहिनुई स्टेशनला गाडी बदलून घरी आले. बाहेर झोंबरा वारा होता. गाडीत शाळेची पोरं जँडल, म्हणजे आपल्या रबरी चपला, घालून बसली होती, ह्या थंडीत. मला वाटत होतं आता मन हलकं होईल. झालं नाही. एकच विचार येत होता, की सेटवर जाण्याची ही शेवटची वेळ.

पल्लवी रागावली. "आई, एवढं काय होतं गं त्यात? नुसता हात तर हलवायचा होता. उद्या मी स्नेहाच्या शेजारी उभी राहणार आहे, शिफ्टभर."

"माहीत आहे मला."

"लोक हीप्स ऑफ मेहनत करतात असा चान्स मिळायला!"

तिचंही चुकत नव्हतं. इथे आपली माणसं मूठभर, एकाशी बिनसलं की दहा घरांची दारं लागतात. आणि लागलीच. मंडळात दिवाळीला मुलांचं नाटक मी बसवायची. त्या वर्षी मला कोणी विचारलं नाही. नाटक झालं. स्नेहानं बसवलं. त्यात एक आजी होती, काठी टेकत येणारी, आणि ती करणारी चिमुरडी इतकी छान लटपटत चालली की हॉलभर हशा पिकला. मी मागच्या रांगेत बसले होते. मीराही हसली. मग माझ्याकडे बघून गप्प झाली.

मार्चमध्ये मालिका आली. आम्ही घरी सोफ्यावर बसून बघितली. पहिल्या भागात आजी लसूण सोलते. दुसऱ्यात वाट बघते. तिसऱ्यात मरते, म्हणजे मुलाला पुण्याला जाऊन रडता येईल. तिला संपूर्ण मालिकेत कोणी एक प्रश्न विचारत नाही. दुसऱ्या भागात फोन वाजला. पडद्यावर हात आला. गोरा, रिकामा.

तो थरथरत होता.

मला वाटलं, दुसरी कोणी बाई आणली असेल. पण करंगळीचं नख माझं होतं, मधोमध चीर गेलेलं. मी मांडीवरचा माझा हात बघितला. तो स्थिर होता. पडद्यावरचा माझाच हात लटलट कापत फोनकडे निघाला होता.

मीरा ओरडली, "आजी! यू डिड द शेकी थिंग!"

"मी नाही केलं," मी म्हटलं.

पल्लवीनं रिमोटनं आवाज कमी केला. तिला माहीत होतं. स्नेहानं कधीच सांगितलं होतं. "कॉम्प्युटरवर करतात गं आई ते. नंतर. टेक मिळाला होता ना त्यांना."

मला रडू आलं. त्या गोदामात आलं नव्हतं, बांगड्या काढताना आलं नव्हतं, ते तेव्हा सोफ्यावर आलं, लेकीसमोर आणि नातीसमोर. मी नाही म्हटलं होतं. साऱ्या जन्मात मोजक्या वेळा मी नाही म्हटलं आहे, आणि ते त्यांनी खोडून टाकलं होतं. आवाज न चढवता, बटण दाबून.

मी आदित्यला फोन केला. म्हटलं, तो हात काढून टाक. तो म्हणाला, "काकू, आता मालिका बाहेर गेलीय, काही करता येत नाही. आणि ट्रस्ट मी, लोकांना सगळ्यात जास्त तोच शॉट आवडलाय."

खरं होतं. आवडला होता. पाडव्याच्या कार्यक्रमाला दूरच्या लोअर हट शहरातून एक बाई आल्या होत्या, कोणाच्या तरी पाहुण्या. माझ्याच वयाच्या. पल्लवीला कोणीतरी विचारलं, तुझ्या आईनं मालिकेत काहीतरी केलं होतं ना, तेव्हा त्यांना कळलं. श्रीखंडाची वाटी हातात घेऊन त्या माझ्यापाशी आल्या. म्हणाल्या, "अहो, तो फोनचा सीन! तो हात थरथरतो ना, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. आपलं असंच असतं नाही?"

मी त्यांच्या हाताकडे बघितलं. काठोकाठ भरलेली वाटी होती. एक थेंब सांडत नव्हता.

त्या क्षणापर्यंत मी ठरवलं होतं की हा विषय संपला. पल्लवीसाठी संपवायचा. आजूबाजूला सगळे होते. स्नेहा होती. चार पावलांवर आदित्य होता, लोकांकडून कौतुक घेत. पण ही बाई स्वतःचा धड हात विसरून पडद्यावरच्या खोट्या हातासाठी रडली होती, आणि वर म्हणत होती, आपलं असंच असतं. मी गप्प बसले असते तर ते खरं ठरलं असतं.

"तो हात माझा आहे," मी म्हटलं, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "थरथर त्यांची आहे. त्यांनी नंतर घातली. मला न विचारता."

आदित्यनं मान वळवली. पल्लवीनं माझ्या दंडाला धरलं, आणि कशासाठी धरलं, गप्प करायला की आधाराला, ते मला अजून कळलेलं नाही. त्या बाई वाटीकडे बघत राहिल्या.

त्यानंतर मला कार्यक्रमांचे निरोप येत नाहीत. न येवोत. मालिका अजून लागते, लोक अजून बघतात. ज्यानं ज्यानं ती बघितली असेल, त्याला मी सांगणार आहे. देवळात, कोपऱ्यावरच्या दुकानात, डॉक्टरकडे, गाडीत शेजारी बसलेल्या अनोळखी बाईला. इंग्रजी मोडकं आहे, मोडक्यात सांगेन. ह्यातून मला काम मिळणार नाही, माहीत आहे. ज्या दिवशी माझा हात खरोखर कापायला लागेल, त्या दिवशी तो माझा मी कापू देईन. तोवर कोणी विचारो न विचारो, मी हेच सांगेन. हात माझा. थरथर त्यांची.